बिल अडकलंय कुठे, ते आधी विचारा

पत्राचा सारांश: कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत वडिलांनी उभारलेलं मशिन शॉप आता हे वाचक चालवतात. संगणकावर चालणारी तीन मशिनं (दोन सीएनसी, एक व्हीएमसी), नऊ कामगार. फाउंड्रीकडून कास्टिंग विकत घ्यायचं, मशिनिंग करून तयार पार्ट पुण्याकडच्या एका मोठ्या कंपनीला पुरवायचा, असा धंदा. साठ टक्के काम त्या एकाच कंपनीचं. पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) पैसे द्यायला ६० दिवसांची मुदत असते, पण सध्या १४ बिलांचे मिळून १८ लाख ४० हजार रुपये थकलेत आणि सर्वांत जुनं बिल सात महिन्यांपूर्वीचं आहे. खरेदी विभागातल्या साहेबांना ते दर आठवड्याला व्हॉट्सअ‍ॅप करतात, "सर, पेमेंटचं जरा बघा ना." निळी टिक दिसते, कधी "बघतो" येतं, कधी नुसता अंगठा. बँकेची सीसी लिमिट (धंद्यासाठीच्या कॅश क्रेडिट कर्जाची मर्यादा) पूर्ण वापरून झाली आहे. सीए असलेले मेहुणे म्हणतात, सरकारच्या समाधान पोर्टलवर (लहान उद्योगांच्या थकलेल्या पैशांसाठीच्या) तक्रार टाका, व्याजासकट पैसे येतील. वडील, म्हणजे आबा, म्हणतात, पैसे मागत सुटलास तर माणसं तुटतील, या कंपनीनं आपल्याला उभं केलंय. दिवाळी दीड महिन्यावर आली आणि बोनसचं काय करायचं ते सुचत नाही. "तक्रार करू की गप्प बसू?" असा त्यांचा प्रश्न आहे.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला फार लागलं. "स्वतःचेच पैसे मागताना हात पसरल्यासारखं वाटतं," असं तुम्ही लिहिलंय. माल दिला, तो त्यांच्या लाइनवर लागला, त्यांची गाडी विकली गेली, आणि तरी संकोच तुम्हालाच. म्हणून तक्रार की मौन या प्रश्नाकडे वळण्याआधी मला तुम्हाला दुसरंच काही विचारायचंय. या १४ बिलांपैकी प्रत्येक बिल आज नेमकं कुठे अडकलंय, हे तुम्हाला माहीत आहे का?

पत्रात ते कुठेच नाही. तुम्ही एक आकडा दिलाय, १८ लाख ४० हजार, आणि तो सगळा एकाच साहेबांच्या मर्जीवर अडलाय असं गृहीत धरलंय. आबांनीही तेच धरलंय आणि मेहुण्यांनीही. आबा म्हणतात साहेबांना दुखवू नको, मेहुणे म्हणतात साहेबांना दणका दे. पण मोठ्या कंपनीत खरेदीच्या माणसाच्या हातात पैसे सोडण्याचा अधिकार बहुतेक वेळा नसतोच. तुम्ही सात महिने ज्यांना मेसेज करताय, ते मनात आणलं तरी तुमच्या खात्यात एक रुपया टाकू शकत नसतील.

मी बरीच वर्षं एका मोठ्या कारखान्याच्या अकाउंट्समध्ये, पैसे देणाऱ्या बाजूच्या टेबलावर काढली आहेत. तिकडून हे कसं दिसतं ते सांगते. आठवड्यातून एकदा पेमेंट रन असतो. मुदत झालेली बिलं सिस्टिम स्वतःच बाहेर काढते. त्यांतली काही सरळ बँकेकडे जातात आणि काहींपुढे 'होल्ड' लागलेला असतो. होल्डची कारणं ऐकलीत तर तुम्हाला नवल वाटेल, इतकी ती किरकोळ असतात. समजा चलनावर (मालासोबतच्या कागदावर) २४० नग आहेत. माल आत घेताना तपासणीत ४ नग नाकारले गेले आणि जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) २३६ चा झाला. तुमचं बिल मात्र २४० चं. आता त्या चार नगांची डेबिट नोट (तेवढी रक्कम वजा करणारा कागद) निघेपर्यंत उरलेल्या २३६ नगांचे पैसेही थांबतात. दुसरं बिल दरात अडकतं. कास्टिंग महागलं म्हणून फोनवर ४१२ चा दर ४२८ ठरला, तुम्ही ४२८ नं बिल फाडलं, पण पीओची अमेंडमेंट, म्हणजे दुरुस्ती, कुणी काढलीच नाही. सिस्टिमला फोनवरचं बोलणं कळत नाही. तिसरं बिल तुमच्याच जीएसटीच्या रिटर्नमुळे थांबतं. तुमचा जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) उशिरा भरला गेला की ते बिल कंपनीच्या २बी मध्ये (तिच्या खरेदीवरच्या कराच्या विवरणात) दिसत नाही, आणि इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) दिसल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत असा अनेक कंपन्यांचा नियमच आहे.

अशा वेळी खरेदीचे साहेब जिन्यात भेटून विचारतात, "अहो, त्या शिरोलीवाल्यांचं काय झालं?" अकाउंट्समधला माणूस विचारतो, "कुठलं बिल?" साहेबांना ते माहीत नसतं, कारण तुम्ही त्यांना सांगितलेलंच नसतं. विषय तिथेच संपतो आणि तुम्हाला अंगठा येतो. तो अंगठा खोटेपणाचा असतोच असं नाही. पुष्कळदा त्या माणसाला पुढे काय करायचं हेच कळलेलं नसतं.

काही कंपन्या जाणूनबुजून पैसे दाबून धरतात, हेही खरं आहे. लहान पुरवठादारांच्या पैशांवर आपलं खेळतं भांडवल चालवतात आणि त्याला व्यवस्थापनाचं कौशल्य समजतात. मला त्याची मनापासून चीड आहे. पण तुमची कंपनी त्यातली आहे की नाही, हे आज तुम्हाला सांगता येणार नाही. आधी होल्ड मोकळे करा. त्यानंतरही पैसे आले नाहीत तर ते स्वच्छ दिसेल.

तेव्हा पहिलं काम तुमच्या ऑफिसातलं आहे, त्यांच्या नाही. एक अख्खी सकाळ काढा. प्रत्येक बिलापुढे पीओ नंबर, चलन, माल पोचल्याची तारीख, जीआरएन झाला का, पीओवरचा दर आणि बिलातला दर, रिजेक्शन, आणि ते बिल कोणत्या महिन्याच्या रिटर्नमध्ये गेलं, एवढं लिहून काढा. कंपनीचं व्हेंडर पोर्टल (पुरवठादारांसाठीचं संकेतस्थळ) असेल तर त्यावर यातलं बरंच दिसतं. पोर्टलचा पासवर्ड पूर्वीच्या अकाउंटंटकडे राहिला आणि नंतर कुणी ते उघडलंच नाही, असेही कारखाने आहेत. तुमचा असेल तर आजच तो मागवून घ्या.

मग मेल करा. व्हॉट्सअ‍ॅप नको. मेल अकाउंट्सला जाऊ दे आणि खरेदीच्या साहेबांना त्याची प्रत. विषयाच्या ओळीतच बिलांची संख्या, रक्कम आणि तुमचा व्हेंडर कोड टाका. मजकूर साधारण असा (आकडे मी कल्पनेनं घातलेत):

"नमस्कार. आमच्या १४ बिलांचं स्टेटमेंट सोबत जोडलं आहे. त्यातल्या १० बिलांचा जीआरएन झाला असून मुदतही उलटली आहे. त्यांची रक्कम रु. १२,१०,००० आहे. ही बिलं कोणत्या तारखेच्या पेमेंट रनमध्ये आहेत, ते कृपया कळवावं. उरलेल्या ४ पैकी ३ बिलांत पीओच्या दराशी फरक आहे. अमेंडमेंटसाठी खरेदी विभागाला आजच वेगळा मेल केला आहे. एका बिलात ४ नगांचं रिजेक्शन आहे, ते आम्हाला मान्य आहे. डेबिट नोट पाठवावी. आमच्या लेजरची (खातेउताऱ्याची) प्रत जोडली आहे. तुमच्या लेजरशी जुळत नसल्यास फरक कळवावा. मी गुरुवारी सकाळी ११ वाजता फोन करतो."

यात आवाज चढलेला नाही आणि विनवणीही नाही. वाचणाऱ्याला उत्तर द्यायला सोपं जावं, एवढंच त्यात पाहिलंय. "पेमेंटचं बघा ना" याला "बघतो" हेच उत्तर येणार. "कोणत्या तारखेच्या रनमध्ये" या प्रश्नाला एक तर तारीख येते, नाहीतर कारण. दोन्ही तुमच्या कामाचं आहे. शिवाय न वादातले १२ लाख आणि वादातले बाकीचे, ही फोड तुम्हीच करून दिलीत की चार नगांच्या भांडणात सगळी रक्कम लटकत नाही. माझ्या मते या पत्रव्यवहारातला सर्वांत मोलाचा भाग ही फोड आहे. मेल मराठीत लिहा, हिंदीत लिहा, मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहा. भाषेपेक्षा आकडे अचूक असण्याला महत्त्व आहे.

गुरुवारी अकराला म्हटलंत तर अकरालाच फोन करा. आपल्याकडे अशा फोनची सुरुवात "सर, डिस्टर्ब तर नाही ना केलं, तुम्ही कामात असाल, पण ते जरा..." अशा लांबलचक माफीनं होते आणि मुद्दा येईपर्यंत समोरच्याचा दुसरा फोन वाजतो. नाव सांगा, मेलचा संदर्भ द्या, "१२ लाख १० हजारांची तारीख हवी होती" म्हणा आणि थांबा. ते थांबणं अवघड जातं. गप्प राहवत नाही म्हणून आपणच "नाही, घाई नाही, पुढच्या आठवड्यात झालं तरी चालेल" असं बोलून बसतो. तुम्हाला चालणार नाहीये, मग तसं म्हणू नका. फोन ठेवल्यावर दोन ओळींचा मेल टाका, "आत्ता बोलल्याप्रमाणे १० बिलं १८ तारखेच्या रनमध्ये घेत आहात, आभारी आहे." तोंडी शब्दाला कागदाचा आधार मिळतो, आणि समोरचा माणूस बदली होऊन गेला तरी त्याच्या जागी येणाऱ्याला सगळं वाचायला मिळतं.

आता आबांबद्दल. त्यांचं म्हणणं जुनाट म्हणून बाजूला सारू नका. त्यांनी धंदा सुरू केला तेव्हा समोरचा माणूस पार्ट हातात घेऊन बघायचा आणि चेकवर सही पण तोच करायचा. त्याला दुखवलं तर खरंच काम जायचं, आणि त्याची मर्जी राखली तर अडचणीत पैसे आधी मिळायचे. त्या व्यवहारात आबांची रीत शहाणपणाची होती. आज पार्ट पाहणारा वेगळा, ऑर्डर देणारा वेगळा, पैसे सोडणारा तिसराच. या तिघांत एकमेकांशी बोलणं कमी. आबांचा संबंध ज्यांच्याशी होता ते निवृत्त झाले असतील, आणि नव्या माणसासाठी तुम्ही एक व्हेंडर कोड आहात. संबंध टिकवायचा असेल तर तो नव्यानं जोडावा लागेल, आणि हिशोब चोख ठेवणं हा तो जोडण्याचा फार चांगला मार्ग आहे. भीड भिकेची बहीण, ही म्हण आबांनाही ठाऊक असेलच.

आणखी एक. मागितल्यानं माणूस तुटतो, असं आपण धरून चालतो. खरेदीच्या माणसाला खरी धास्ती असते लाइन थांबण्याची. पुरवठादार सात महिने काही बोलत नाही, सगळं ठीक आहे असं दाखवतो, आणि एक दिवस फाउंड्रीनं उधार बंद केलं म्हणून माल पाठवत नाही. असा पुरवठादार त्याला सगळ्यांत महागात पडतो. तुमच्या मौनाला तुम्ही सौजन्य समजताय, पण पलीकडे ती जोखीम आहे. तेव्हा अडचण वेळेत आणि आकड्यांत सांगा. "कास्टिंग उचलायला पैसे उरलेले नाहीत. १५ तारखेपर्यंत ही दहा बिलं आली तर पुढच्या महिन्याचं शेड्युल पूर्ण देऊ शकतो, नाहीतर निम्मंच जमेल." ही धमकी होत नाही, कारण हे खरं आहे आणि तुम्ही ते आधी सांगताय. ट्रक निघायच्या दिवशी सांगितलं तर मात्र ती धमकीच होईल.

आबांना या कामात बरोबर घ्या. कंपनीत लेजर जुळवायला प्रत्यक्ष जा आणि त्यांना सोबत न्या. अकाउंट्सच्या टेबलावर तुम्ही बसा, आणि आबांनी प्लँट हेडना किंवा खरेदीच्या वरिष्ठांना भेटावं. इतक्या वर्षांच्या पुरवठ्याची जी पुण्याई आहे ती त्यांच्या तोंडून बोलली जाऊ दे. "हिशोब जुळवायला आलोय" एवढं म्हणायला त्यांना जड जाणार नाही. वसुलीला आल्यासारखं त्यांना वाटणार नाही, आणि कामही तेच होईल.

आता मेहुण्यांच्या बाजूचं. कायद्याबद्दल ते बरोबर आहेत आणि तो तुम्हाला नीट माहीत हवा. तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का, ते पत्रात नाही. नसेल तर आजच करा. फी लागत नाही, आणि नोंदणीआधी दिलेल्या मालाबद्दल हक्क सांगताना वाद उभे राहतात. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म गटात येतो. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून तुम्ही त्यातच बसाल. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाला पैसे द्यायची मुदत लेखी ठरली असेल तर ती जास्तीत जास्त ४५ दिवस, आणि लेखी काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. म्हणजे तुमच्या पीओवरचे ६० दिवस कायद्यापुढे टिकत नाहीत. मुदत उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज लागतं. बँक रेट साडेपाच-सहा टक्के धरला तर व्याज साडेसोळा ते अठरा टक्के होतं.

या कायद्यातली एक तरतूद फार थोड्या पुरवठादारांना माहीत असते. माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदारानं लेखी हरकत घेतली नाही, तर तो पोचला त्याच दिवशी स्वीकारला गेला, असं धरलं जातं. तीन महिन्यांनी "तुमच्या मालात प्रॉब्लेम होता" असं तोंडी सांगून बिल अडवता येत नाही. म्हणून चलनावर पोचल्याची तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय ड्रायव्हरनं परत यायचं नाही, हा नियम तुमच्या दुकानात आजपासून करा.

प्राप्तिकराचाही एक मुद्दा तुमच्या बाजूनं आहे. ४३ब(एच) या कलमानं २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून असं केलंय की सूक्ष्म-लघु उद्योगाची मुदत उलटलेली देणी वर्षअखेरीस बाकी राहिली, तर कंपनीला ती त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाहीत. पैसे प्रत्यक्ष देतील त्या वर्षीच धरता येतात. शिवाय ४५ दिवसांवरची अशी देणी कंपन्यांना दर सहामाहीला सरकारला कळवावी लागतात, एप्रिल ते सप्टेंबरचं विवरण ३१ ऑक्टोबरपर्यंत. जीएसटीतही, बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर घेतलेलं इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. तुमचं सात महिन्यांचं बिल ती मर्यादा ओलांडून गेलंय. हे सगळं त्यांच्या अकाउंट्सला माहीत असतं. तुम्ही सूक्ष्म उद्योग आहात हे मात्र त्यांच्या नोंदीत असायला हवं. उद्यम प्रमाणपत्राची प्रत व्हेंडर मास्टरमध्ये (त्यांच्या पुरवठादारांच्या नोंदीत) अपडेट करायला मेलनं पाठवा, प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा, खाली "देय मुदत एमएसएमईडी कायद्यानुसार" एवढी ओळ टाका. ऑक्टोबरचं विवरण तोंडावर आहे, त्यामुळे हा मेल या आठवड्यातच जाऊ द्या. कायदा असा रोजच्या कागदांत आधीपासून दिसत राहिला तर नंतर तो उगारायची वेळ क्वचितच येते.

मेहुण्यांशी माझा मतभेद फक्त क्रमाबद्दल आहे. समाधान पोर्टल २०१७ मध्ये सुरू झालं. थकबाकीचा अर्ज फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (अशा वादांसाठीच्या राज्याच्या मंडळाकडे) जातो. पुरवठादार जिथला, तिथल्या कौन्सिलला अधिकार असतो, त्यामुळे खरेदीदार देशात कुठेही असला तरी तुम्हाला त्याच्या गावी धावावं लागत नाही. आधी समेटाचा प्रयत्न, तो फसला तर लवाद. निकाल तुमच्या बाजूनं लागला आणि कंपनीला त्याला आव्हान द्यायचं असेल, तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. हत्यार चांगलं आहे. पण कायद्यात ९० दिवस लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात पुष्कळ जास्त वेळ जातो, त्यामुळे दिवाळीपूर्वी त्यातून काही हाती लागेल ही आशा सोडा. आणि लेजर न जुळवता अर्ज केलात तर कंपनीचं उत्तर तयार असेल, "ही बिलं वादग्रस्त आहेत." आज ते पूर्ण खोटंही ठरणार नाही.

तक्रार करायचीच नाही, असं मी अजिबात म्हणत नाही. लेजर जुळलं, होल्ड मोकळे झाले, न वादातल्या रकमेसाठी दोन लेखी स्मरणपत्रं गेली, वरिष्ठांना भेटून झालं आणि तरी तारीख मिळत नसेल, तर ती कंपनी पैसे दाबतेय असं समजा आणि अर्ज करा. त्या दिवशी मनात अपराधी भाव नको. ज्या वाचकांचं त्या ग्राहकाकडचं काम आधीच बंद झालंय आणि बाकी अडकलीय, त्यांनी तर फार थांबूच नये. दिवाणी दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत असते आणि ती बघता बघता सरते.

तुम्हाला अर्जाची जी भीती वाटते तिचं मूळ त्या साठ टक्क्यांत आहे. साठ टक्के काम एकाकडे असेल तर सौम्य मेलसुद्धा धाडसाचा वाटतो. हे महिन्या-दोन महिन्यांत बदलणार नाही, पण पुढच्या वर्षभरात हा आकडा चाळिसावर कसा येईल, हे आबांशी बसून ठरवा. तोवर एक मर्यादा घाला. त्या कंपनीची येणी अमुक लाखांवर गेली की नवीन पीओ घेताना निदान कास्टिंगपुरता अ‍ॅडव्हान्स मागायचा. तुमच्या सीसीवर ११ टक्के व्याज धरलं तर १८ लाख ४० हजारांवर महिन्याला १७ हजारांच्या आसपास जातात. १८ टक्के जीएसटी धरला तर त्या बिलांत २ लाख ८० हजारांचा कर आहे, आणि इनपुट वजा जाऊन उरलेला तुम्ही केव्हाच भरलाय. पुढच्या वेळी दर ठरवताना हे आकडे समोर ठेवा. आज त्या मालाचा दर तुम्ही रोखीचा लावताय आणि उधारी फुकट देताय.

कंपनी मोठी आहे म्हणता, तर ट्रेड्स या, बिलांवर आधी पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेबद्दलही विचारा. २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना या व्यवस्थेत नोंदणी सक्तीची आहे. तुम्ही बिल तिथे टाकायचं, कंपनीनं ते मान्य केलं की बँका आणि वित्तसंस्था त्यावर बोली लावतात आणि एक-दोन दिवसांत पैसे तुमच्या खात्यात येतात. पुढे कंपनीनं उशीर केला तर ती जबाबदारी तुमच्यावर येत नाही. बोली कंपनीची पत बघून लागते, म्हणून दर बहुधा तुमच्या सीसीपेक्षा कमी पडतो. कंपनीच्या मान्यतेशिवाय मात्र काही होत नाही, म्हणून हा विषय लेजर जुळवण्याच्या भेटीतच काढा.

हे फक्त कारखान्यांपुरतं नाही. पुण्यात डिझाइनचं काम करणारी मुलगी, नाशिकला कंपन्यांचं केटरिंग घेणारं जोडपं, सोलापूरहून युनिफॉर्म शिवून देणारे, यांचीही पत्रं मला याच सुरात येतात. सेवा देणाऱ्यांनाही उद्यम नोंदणी आणि ४५ दिवसांचा हक्क आहे. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना नोंदणी मिळते, पण उशिरा पैसे मिळाल्याबद्दलचं हे संरक्षण त्यांना लागू होत नाही, एवढं लक्षात ठेवा. कुणाकडे, कोणत्या कागदामुळे अडलंय आणि कोणत्या तारखेला सुटेल, हे तीन प्रश्न मात्र प्रत्येकालाच उपयोगी पडतील.

एक गोष्ट तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलीत, फाउंड्रीचे आणि उद्यमनगरातल्या प्लेटिंगवाल्याचे पैसेही थकलेत. तेही सूक्ष्म-लघु उद्योगच असणार. त्यांच्यासाठी तुम्ही ती मोठी कंपनी आहात, आणि ४५ दिवसांचा नियम तुम्हालाही लागू आहे. तेही कदाचित तुम्हाला दर आठवड्याला "जरा बघा ना" म्हणत असतील आणि तुम्ही अंगठा पाठवत असाल. त्यांना तारीख द्या, निम्मीच रक्कम जमणार असेल तर तसं सांगा. फाउंड्रीला चित्र खरं कळलं तर ती एक-दोन खेपा उधार देईल. अंधारात ठेवलं तर देणार नाही.

बोनसचंही तसंच. कामगारांना या आठवड्यातच बोलवा. पैसे कुठे अडलेत, सोडवायला काय चाललंय, हे सरळ सांगा. कामगारांना यातलं बरंच आधीच कळलेलं असतं, स्टोअरमध्ये कास्टिंग कमी दिसतंय हे ते रोज बघतात. बाकीच्या चाळीस टक्के ग्राहकांकडून येणाऱ्या पैशांचा अंदाज घ्या आणि त्यातून दिवाळीआधी नक्की देता येईल तेवढीच रक्कम कबूल करा. उरलेली कोणत्या महिन्याच्या पगाराबरोबर देणार, तेही त्याच बैठकीत सांगा आणि लिहून नोटीस बोर्डावर लावा. हा शब्द त्या कंपनीच्या १८ लाखांच्या भरवशावर देऊ नका.